दिगंबरअण्णांचा मनीप्लांट

आमच्या शेजारच्या दिगंबरअण्णांकडं मनीप्लांटची फांदी मागा, हाकलूनच देतील. "मागून न्हाई लागत वो! चोरून न्या!" असं म्हणून स्वतःच पाठ करून बसतील. वर ओरडून सांगतील, "कात्री खिडकीत हाय. माझं लक्ष न्हाई बरं का!"

उभी हयात मुखेड डेपोत कंडक्टरकीत गेली. आता नांदेडात वेलाला पाणी घालताना म्हणतात, "पुढं सरका, पुढं सरका." आणि वेल सरकलाही की! घड्याळ झाकलं, ट्यूबलाईट झाकली, पंख्याला विळखा. ऐन मे महिन्यात हा भला माणूस पुठ्ठ्यानं वारा घेत बसायचा.

खरं तर वेल अण्णांच्या बायकोचा, कमलवैनींचा. छाटायचा त्यांनी, अण्णांनी नुसत्या बाटल्या धुवायच्या. दिवाळीच्या तोंडावर वैनींना अर्धांगवायू झाला. हात जरा हलायला लागला, पण वाचा बंद. डॉक्टर म्हणाले, "जीभ हलते त्यांची, बोलतं करा." अण्णांनी भजनं लावली, माहेरची माणसं बोलावली. वैनी आपल्या हॉलमधल्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेल्या. वेल मोकाट सुटला तो तेव्हापासून.

शेवटी माझंच डोकं फिरलं. म्हटलं, "अण्णा, जंगल झालं घराचं! छाटा की!"

"हाव," म्हणाले आणि स्टुलावर चढले. स्टूल धरलं मी. बघते तर काय, फांदी सोडून नुसतं पान कापून राहिले! खिडकीतल्या बाटल्यांतही तसलीच पानं, एकालाही मूळ नाही.

"अहो, मुळं गाठीला फुटतात! नुसत्या पानाचं काय लोणचं घालता?"

"गप," अण्णा हळूच म्हणाले. "मला ठावं हाय. म्हैना झाला, रोज मुद्दाम चुकून राहिलो."

मग पान उंच धरून मोठ्यानं, "कमल, जमलं ना गं?"

वैनींनी मान वळवली. अण्णांनी आणखी एक पान कापलं. वैनींचे ओठ थरथरले. अण्णांनी अगदी सावकाश तिसऱ्या पानाला कात्री लावली.

"गा... गाठी..." खाटेवरून आवाज आला. "गाठीखाली! येडं ध्यान!"

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. अण्णा स्टुलावरच मटकन बसले, मांडीवर कात्री.

"हाव, येडाच हाय मी," ते म्हणाले. "अजून बोल."