फ्रिजचा पहिला अल्बम

ध्वनिआस्वाद मंडळाच्या सन्माननीय सदस्यांनो, तुम्ही ऐकत नाही. तुम्ही फक्त मत देता. हा आरोप आहे, आणि पुरावा पुढे जोडला आहे.

एक गायिका होती. तक्रार केंद्रातली फोन घ्यायची नोकरी सोडून तिने मित्रांबरोबर रॉक बँड काढला, तेव्हा आईने एकच अट घातली. "वर्षभर कर काय थेरं करायची ती. एका तरी परक्या माणसानं तुझ्या गाण्यातली एक ओळ गुणगुणून दाखवली, तर मी तोंड उघडणार नाही. नाहीतर मुकाट्यानं नोकरीवर."

अल्बम आईच्याच स्वयंपाकघरात रेकॉर्ड झाला. पहिलंच गाणं गायिकेने जीव ओतून लिहिलं होतं: 'कृपया थांबा म्हणालात, मी अजून थांबले आहे.' पण ही ओळ येण्याआधी, ड्रमर बूड टेकून काठ्या शोधेपर्यंत, मिनिटभर नुसता फ्रिज घरघरत राहिला. तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही आणि तेवढा तुकडा कापायचा ड्रमरला कंटाळा आला.

अल्बम परीक्षणासाठी मंडळाकडे गेला. आता मंडळाची कार्यपद्धती अशी, की कुठलाही अल्बम मिनिटभरच वाजवायचा. मत बनवायला याहून जास्त वेळ लागणे हे अपात्रतेचे लक्षण समजले जाते. सदस्यांनी मिनिटभर फ्रिज ऐकला आणि लेखण्या सरसावल्या. 'शब्दांची लाचारी झुगारणारा अल्बम,' एकाने लिहिलं. दुसऱ्याला घरघरीत गोठलेल्या पिढीचा आक्रोश सापडला. तिसऱ्याने हे दोन्ही वाचून आपलं स्वतंत्र मत मांडलं.

गायिका धावत मंडळाच्या कचेरीत गेली. "अहो सर, तो फ्रिज आहे! गाणं त्याच्या नंतर सुरू होतं."

"कलावंताला स्वतःची कला कळत नसते, ताई," अध्यक्ष कनवाळूपणे म्हणाले. "नंतर गाणंही आहे? तेवढं काढून टाका. उगाच विचका होतो."

मग कमी बजेटचे आणि भरपूर दाढीचे एक दिग्दर्शक घरीच आले.

"सिनेमाला पार्श्वसंगीत हवंय. फ्रिज मोकळा आहे का?"

"आणि आम्ही?" ड्रमरने विचारलं.

"तुम्ही एका बाजूने धरा की. जड असेल."

"अरे मेल्यांनो, आत दूध आहे!" आई ओरडली.

"राहू द्या काकू. त्यानं आवाजाला वजन येतं."

सिनेमा कुणी पाहिला नाही, पण त्याच्या संगीतावर सगळे भरभरून बोलले. वर्षातलं सर्वोत्कृष्ट पार्श्वसंगीत म्हणून मंडळाने फ्रिजचा सत्कार ठेवला. त्याला शाल पांघरली. गायिकेला प्रमुख पाहुणी म्हणून प्लग लावायचा मान मिळाला. वर्ष संपत आलं होतं. तिने प्लग हातात घट्ट धरला आणि माइकपाशी गेली.

"आधी कुणीतरी माझ्या गाण्यातली ओळ म्हणा. एकच. मग लावते."

सभागृह भारावून उभं राहिलं. सगळ्यांनी डोळे मिटले आणि एका सुरात सुरू केलं, "घर्रर्रर्र…"

घरी परतताना आई म्हणाली, "गुणगुणलं की गं लोकांनी."

"आई, ती फ्रिजची ओळ होती."

"मग फ्रिजची नोकरी टळली. तू तुझं बघ."

गायिका पुन्हा तक्रार केंद्रात रुजू झाली. तिथे तोवर सुधारणा झाली होती. ताटकळणाऱ्या तक्रारदारांना आता कानात पुरस्कारप्राप्त घरघर ऐकवतात. लोक खूश आहेत. काही जण तर तक्रार नसतानाही फोन करतात.

मंडळ कोडगं झालंय, त्यांच्याकडून उत्तराची अपेक्षा नाही. पण वाचकहो, तुम्ही मघापासून त्यांना हसताय. तिची ओळ वर छापली आहे, चांगली ठळक अवतरणचिन्हांत. वर न बघता ती म्हणून दाखवा.

गप्प का? की तुमच्याही डोक्यात नुसतं घर्रर्र चाललंय?

बोला.