शेवटच्या नावाचा मान

सूत्रसंचालन करावं ते मोहर्लीत मुश्ताकनंच, असं खुद्द मुश्ताकचं ठाम मत होतं! मागच्या वर्षी जंगल-सफारीच्या जिप्सीवाल्यांनी ठेवलेल्या सत्कार-सोहळ्यात माईक बिलालकडे होता. त्या शहाण्यानं काय करावं? पर्यटकांना वर्षभर रांधून घालणाऱ्या खुर्शीदाला, म्हणजे मुश्ताकच्या बायकोला, "आनि राह्यल्या खुर्शीदाबाई" म्हणून शाल दिली. राह्यल्या! खुर्शीदा आठवडाभर फुगून बसली होती.

यंदा माईक मुश्ताकच्या हाती आला. बायकोचं नाव पहिलं घ्यावं तर गाव हसेल. मग शेवटीच घ्यायचं, पण थाटात! लेक उमेरानं घोटून घेतलं, "अब्बा, शेवटच्या नावाआधी म्हनायचं, लास्ट बट नॉट लीस्ट. पन एकदाच!"

एकदाच म्हणून थांबेल तो मुश्ताक कसला? त्यानं सुरुवातीलाच सभेला इंग्रजी शिकवलं. "शेवटचं नाव म्हंजे कमी नाई बरं! इंग्रज लोकं खास मानूस शेवटी ठेवते!"

मग पहिलं नाव पुकारलं, गाइड सुकलूभाऊंचं. सुकलूभाऊ जागचे हलेनात.

"मले पहिला काऊन? मी खास नाई का?"

"बरं, मग आपल्या सरपंच, नीलाबाई!"

"वा रे वा! सुकलू शेवटी आन् सरपंच त्याच्या आंधी? बसली मी इथीच!"

बघता बघता लोक खुर्च्या उचलून मागे सरकले. पहिली रांग ओस पडली, मागची रांग पार बाभळीत घुसली!

"अरे, सगळेच शेवटचे हाओ! या ना आता!" मुश्ताक घामाघूम होऊन ओरडला.

सत्कारासाठी बोलावलेले पाहुणे साहेब केव्हाचे शाल उघडून उभे होते. दुपारच्या सफारीचं गेट उघडायची वेळ झाली. त्यांनी हातातली शाल समोर सापडलेल्या मुश्ताकच्याच खांद्यावर टाकली, फोटो काढून घेतला आणि निघाले. बाकीच्या शालींचा गठ्ठा त्यांच्या शिपायानं मागोमाग गाडीत घातला. इस्त्रीचा दुपट्टा सावरून बसलेली खुर्शीदा उठली आणि तडक घरी गेली.

संध्याकाळी मुश्ताकनं ती शाल अदबीनं तिच्यापुढे धरली. तिनं ती घेतली, चौपदरी केली आणि त्याच शालीनं धरून चुलीवरचं मटणाचं पातेलं उतरवलं. पोरांना वाढलं, शेजारच्या चंदाला वाटी भरून दिली, मांजरालाही हाड टाकलं.

"आनि लास्ट बट नॉट लीस्ट," खुर्शीदा म्हणाली, "उमेराचे अब्बा!"

मुश्ताकच्या ताटात एक बटाटा पडला, तोही अर्धा. शेवटचाही तोच आणि सगळ्यात कमीही त्यालाच! वाक्प्रचार चुकला होता, पण सांगणार कोण?