खुराड्यात आधी कोणी जायचं

कोंबडीची पाच आठवड्यांची पिल्लं बाहेरच्या खुराड्यात हलवायची तर त्यांची लेखी संमती लागते, आणि साक्रीच्या कौतिकबाईंच्या एकोणीस पिल्लांनी ती साफ नाकारली.

कारणही दिलं होतं. पौष महिना, पहाटे अंगणात पाय ठेववत नाही, आणि सहा जणांच्या मानेवर अजून धड पिसं नाहीत. अशा वेळी घरात ज्याला सगळ्यात कमी थंडी वाजते, त्याने आधी जायचं असतं.

"म्हणजे कोणी?" कौतिकबाईंनी विचारलं.

तांबड्या पिल्लाने चुलीजवळ ठेवलेल्या डालग्यातून कागद पुढे सरकवला. बाईंचे यजमान सुकलाल रोज चहाच्या वेळी जे बोलत, ते तारीखवार उतरवलं होतं. 'ही कसली थंडी!' 'स्वेटर बायकांना लागतो.' 'आम्ही उघड्यावर निजायचो.'

"अगं बाई!" कौतिकबाई म्हणाल्या. "अरे, बढाया मारायची सवय आहे त्यांना! संध्याकाळ झाली की माझी शाल ओढून घेतात!"

"शालीची नोंद नाही," पिल्लू म्हणालं. "थंडी वाजते, एवढं त्यांनी स्वतः सांगावं. आम्ही कागद फाडतो."

बाईंनी आशेने शेजारी चहा पीत बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. सुकलालांनी घसा खाकरला, छाती पुढे काढली. "एवढ्याला काय घाबरायचं?" म्हणाले, आणि दिवसाढवळ्या खुराड्यात जाऊन बसले.

बाई भाकरी घेऊन जायच्या, तर आत दात कडकड वाजत असायचे. नवव्या दिवशी ते वाजायचे थांबले आणि बाई धावल्या. दार उघडून पाहतात तर सुकलाल ठणठणीत. भाकरी चुरून टाक, म्हणाले.

बाई तडक डालग्यापाशी आल्या. "माझा माणूस मला परत द्या!"

"न्या की," तांबडं पिल्लू समजुतीने म्हणालं. "पण एकदम उबेत आणलंत तर बाधेल. आधी रोज एक तास."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी त्यांना चुलीपाशी बसवलं, आल्याचा चहा दिला. "अहो, एकदाच म्हणा ना, थंडी वाजते. माझ्यासाठी."

सुकलालांनी त्यांच्याकडे पाहिलं. ओठ हलले. तेवढ्यात डालग्यातून एकोणीस माना वर आल्या.

"फार उकडतंय इथं," ते म्हणाले, आणि अर्धा कप तसाच ठेवून खुराड्यात परत गेले.

बाई त्यांच्या मागोमाग गेल्या. परसात मुंगूस फिरतं, म्हणून त्यांनी खुराड्याला बाहेरून कडी घातली.