ओल उतरली

चित्रकार स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसून भिंतीला नाक लावत होता तेव्हा त्याची बायको डबा भरत होती. ती शाळेत गणित शिकवायची आणि सकाळी सातच्या आत एकही शब्द जास्तीचा खर्च करायला तिला आवडत नसे.

"काय झालं?"

"ओल आलीय."

"कुठून?"

"ते सोड गं. आकार बघ."

बायकोने आकार बघितला नाही. तिने वर छताकडे बघितलं आणि सुस्कारा टाकला. इमारतीत ओल आली की वरच्या मजल्याचं नाव घ्यायचं ही रीतच आहे. वर राहत होत्या काकू. एकट्या, नीटनेटक्या, आणि कुणाचं आपल्यामुळे नुकसान झालं तर जेवण न जाणाऱ्या.

आता चित्रकार ओलीवर एवढा का भाळला, ते सांगायला हवं. नऊ वर्षं तो डोंगर, तळी आणि पडके किल्ले रंगवत होता. प्रवासाची चित्रं म्हणायचा तो त्यांना. त्यातले निम्मे डोंगर त्याने कॅलेंडरवर पाहिले होते आणि उरलेल्यांपैकी बरेचसे बसच्या खिडकीतून, तेसुद्धा खिडकी दुसऱ्याच्या वाट्याला आलेली असताना. ही चित्रं घेऊन तो चित्रदालनाच्या बाईंकडे गेला. बाईंनी सगळी चित्रं शेवटपर्यंत पाहिली आणि चष्मा काढला.

"काम स्वच्छ आहे. पण यात तुमचं स्वतःचं काय आहे? रोज डोळ्यांसमोर असतं ते काढा ना. तीन आठवड्यांनी, शनिवारी अकराला मी घरी येते. तुमचं असं काही दिसलं तर एक अख्खी भिंत तुम्हाला देईन. नाहीतर लाकूडकाम करणारे एकजण कधीचे मागे लागलेत."

नऊ वर्षांत त्याला कुणी खुंटीसुद्धा दिली नव्हती, आणि ही अख्खी भिंत. घरी येताना त्याने मनाशी पक्कं केलं की आता मरेन पण डोंगर काढणार नाही. पहिल्या आठवड्यात त्याने चपला काढल्या, इस्त्री काढली, बायकोच्या तपासायच्या वह्यांचा गठ्ठा काढला. चपला चपलांसारख्याच दिसल्या. तो अगदी रडकुंडीला आला होता, आणि नेमकी तेव्हाच ही ओल आली.

आणि काय ओल होती. कपाटाच्या मागून निघून, एक पाय वाकडा टाकत ती वर चढत होती. कडेला तिला एक निळसर छटा होती. असा निळा आपल्याला जन्मात कालवता आला नसता, असं तो बायकोला तीनदा म्हणाला. त्याने कागदांची चळतच काढली. रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक, ओल दिसेल तशी हुबेहूब काढायची आणि खाली तारीख घालायची. काढून झालं की शेजारच्या रंगखोलीत जाऊन ब्रश धुवायचे. ही रंगखोली म्हणजे गॅलरी बंद करून केलेली जागा. तिथलं बेसिन त्याने चार महिन्यांपूर्वी स्वतःच्या हाताने बसवलं होतं आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो ते दाखवायचा.

इकडे बायकोने काकूंना ओलीचं सांगितलं. काकूंनी त्याच दिवशी कपड्यांचं मशीन बंद केलं आणि प्लंबरला निरोप धाडला. चार दिवसांनी त्यांनी खाली फोन केला. बायको शाळेत होती. चित्रकाराने तोंडातला ब्रश काढून फोन घेतला.

"काय रे, ओल उतरली का?"

"उतरली ना काकू. दोन दिवस छळलं तिने, पण आज सकाळी झकास उतरली."

"सगळी?"

"वरचा कोपरा तेवढा राहिलाय. तो दुपारपर्यंत उतरवतो."

"तू उतरवतोस?"

"मग काय, स्वतःच्या हाताने."

"गुणाचा आहेस हो. मग प्लंबरला नको म्हणून सांगते."

"सांगाच," चित्रकार घाईने म्हणाला. काकूंना कलेची इतकी जाण असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. तो खूश होऊन पुन्हा वरच्या कोपऱ्याकडे वळला, आणि काकूंनी चार दिवसांचे कपडे एकदम मशीनला लावले.

आठवड्याभरात ओल कपाटाच्या डोक्यावरून वर निघाली. मसाल्याचे डबे भिंतीपासून लांब न्यावे लागले. बायको तणतणत वर गेली आणि पाच मिनिटांत त्याहून जास्त तणतणत खाली आली.

"काकू म्हणतात, तू त्यांना ओल उतरली म्हणून सांगितलंस."

"उतरलीच आहे. हे बघ ना." त्याने कागद पुढे केला.

बायकोने कागद पाहिला, भिंत पाहिली, नवऱ्याला पाहिलं. "अरे माणसा, उतरली म्हणजे कमी झाली का, असं विचारत होत्या त्या. आणि कागदावर काय उतरवत बसलायस तू?"

"मग त्यांनी तसं विचारायचं ना."

"तसंच विचारलं त्यांनी. सगळं जग तसंच विचारतं."

काकूंच्या मनाला फार लागलं. आपण तिकडे मशीन फिरवतोय आणि खाली यांची भिंत भिजतेय, म्हणजे काय. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मजूर बोलावून बाथरूमची फरशी उखडली, नळ बंद केले आणि बादली, टॉवेल, साबण घेऊन आंघोळीला खाली यायला लागल्या. रोज सकाळी जाता-येता त्या भिंतीसमोर क्षणभर थांबायच्या आणि म्हणायच्या, "आता थांबेल हं."

थांबली नाही. वर पाण्याचा थेंब नव्हता आणि खाली ओल दिवसाला चार बोटं चढत होती. चित्रकार आता हट्टालाच पेटला होता. दिवसाला दोन कागद कमी पडायला लागले, तेव्हा तो चार काढायला लागला.

"शनिवारपर्यंत भिंतीला कुणी हात लावायचा नाही," त्याने जाहीर केलं.

"भिंत पडली तर?"

"तेही काढेन."

बायकोने शनिवारी दहा वाजता प्लंबरला बोलावून घेतलं. चित्रकार दारातच आडवा उभा राहिला. "तासभर थांबा हो. अकराला माणूस येणार आहे. माझ्या नऊ वर्षांचा प्रश्न आहे."

"थांबतो की," प्लंबर म्हणाला. तो शांत माणूस होता. पिशवी खाली ठेवून, मांडलेली चित्रं तो एकेक करून बघायला लागला. आधी सहज, मग वाकून, मग मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून. इतकं मन लावून चित्रकाराची चित्रं आजवर कुणी पाहिली नव्हती. त्याचा ऊर भरून आला.

"या तारखा खऱ्या आहेत?" प्लंबरने विचारलं.

"अगदी."

"ओल खालून वर गेलीय साहेब. वरून आली असती तर आधी वर दिसली असती." त्याने एका कागदावर बोट ठेवलं. "आणि हे बघा, शनिवारचं आणि सोमवारचं सारखंच आहे. मधल्या रविवारी अजिबात वाढली नाही. रविवारी काय नव्हतं घरात?"

"रविवारी आम्ही माझ्या माहेरी होतो," बायको सावकाश म्हणाली. "हा रंगवायला नव्हता."

"आणि ही निळी कड?"

"तो ओलीचा स्वतःचा रंग आहे," चित्रकार म्हणाला.

प्लंबर उठून रंगखोलीत गेला, बेसिनखाली वाकला आणि तिथूनच त्याने विचारलं, "हे बेसिन कोणी बसवलं?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. चित्रकाराला आता सगळं कळलं होतं. जितकी ओल काढावी तितके ब्रश, जितके ब्रश तितकं पाणी, आणि ते सगळं निळं पाणी फटीतून थेट भिंतीत. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यातच आंघोळ उरकून, ओला टॉवेल खांद्यावर टाकून काकू बाहेर आल्या आणि दाराची बेल वाजली. घड्याळात अकरा वाजले होते.

दालनाच्या बाई आत आल्या. त्या एकेक कागद बघत गेल्या. शेवटच्या कागदापाशी त्या थांबल्या, समोरची भिंत पाहिली, आणि निळ्या कडेवरून हळूच बोट फिरवलं.

"फार सुंदर," त्या म्हणाल्या. "पण मला एकच सांगा. हे खरंच तुमचं स्वतःचं आहे ना? वरवरून कुठून आलेलं नाही?"

चित्रकाराने रंगखोलीच्या दाराकडे पाहिलं. तेवढ्यात बेसिनखालून प्लंबर बाहेर आला.

"सगळं यांचंच आहे बाई," तो हात पुसत म्हणाला. "मी आत्ताच तपासलं. वरच्यांचा काडीचा संबंध नाही."

बाईंनी समाधानाने चष्मा काढला. "मग भिंत तुमची," त्या म्हणाल्या.

बाई गेल्यावर प्लंबरने बेसिन सोडवायला घेतलं. काकू मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. "म्हणजे माझ्याकडून काहीच नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"नव्हतं काकू. चुकलो मी, पाया पडतो," चित्रकार म्हणाला, आणि खरंच वाकला. तुमची फरशी मी पुन्हा बसवून देतो, असंही म्हणाला, पण बायकोने त्याचं मनगट घट्ट धरलं आणि फरशी प्लंबरच बसवेल असं सांगितलं.

दुपारी काकू घरी उखडलेल्या फरशीपाशी बसल्या होत्या. दार वाजलं. दारात चित्रकार उभा होता, काखेत कागद, हातात पेन्सिल, आणि नजर त्यांच्या खांद्यावरून थेट आत, तुटक्या फरश्यांवर.

"काकू, दोन दिवस प्लंबरला थांबवता का? म्हणजे तेवढ्यात तुमचं बाथरूम उतरवून घेतो."

काकूंनी मागे वळून पाहिलं.

"अरे बाबा," त्या म्हणाल्या, "आता काय उतरवायचं राहिलंय त्यातलं?"