चूलबंद यादी

नव्या प्रोग्रामरने काय करावं आणि काय करू नये, हे पनवेलमध्ये माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही! हे मीच ठरवलेलं आहे. अडतिसाव्या वर्षी, कुकरच्या शिट्ट्या मोजत, एका जाडजूड पुस्तकावरून मी प्रोग्रामिंग शिकले. जवळ डिग्री नाही, त्यामुळे तत्त्वं भरपूर!

२०१२ साली एसटी स्टँडजवळच्या माझ्या क्लासमध्ये रंजिता यायची. पळस्प्याकडची, अबोल, हुशार. तिच्या गावाजवळ काशिरामशेठचं मंगल कार्यालय. शेठ तिला म्हणाले होते, "आमंत्रनाचे एसएमएस पाठवनारा प्रोग्राम कर. चालला तर कायमची नोकरी." आणि घरचे म्हणाले होते, "नाय चालला तर स्थळं बघू."

प्रोग्राम दाखवायच्या दिवशी मीही गेले. तिला धीर द्यायला! रंजिता शांत होती. मीच तिसऱ्यांदा पाणी प्यायले.

"ताई, मी शेठना बोलावून आणते," ती म्हणाली. "तुम्ही कशाला हात लावू नका हं!"

आता मला सांगा, पोरीच्या नोकरीचा प्रश्न असताना एक शेवटची चाचणी नको? पडद्यावर आमंत्रणाचा नमुना होता: 'चि. अबक आणि चि. सौ. कां. कखग यांची हळद.' छे! चाचणीची माहिती खऱ्यासारखी हवी, हे माझं तत्त्व. मी लिहिलं, 'पळस्पे येथील चि. महादेव आणि चि. सौ. कां. कोमल यांची हळद. आज संध्याकाळी सात.' अगदी खरं वाटलं. माझा मलाच आहेर करावासा वाटला!

खाली दोन याद्या होत्या. एक 'घरटी', दुसरी 'चूलबंद'. 'घरटी' म्हणजे खरी घरं, तिथे हात लावायचा नाही. 'चूलबंद' म्हणजे बंद केलेली, रिकामी! नाव कसं वाचताक्षणी कळलं पाहिजे, हे पोरीला मीच शिकवलं होतं. कौतुकाने 'चूलबंद' निवडली आणि बटण दाबलं.

'३१२ घरांना संदेश पाठवले.'

रिकाम्या यादीत तीनशे बारा घरं?

शेठ फोनवर होते म्हणून रंजिता एकटीच परतली. पडदा बघून तिचा चेहरा भिजलेल्या पापडासारखा झाला.

"ताई! चूलबंद म्हणजे अख्ख्या घराला आमंत्रण! त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही!"

"मग घरटी?"

"घरटी एक माणूस! मला विचारायचं तरी!"

कळलं नाही तर विचारावं, त्यात कमीपणा नाही. माझं पहिलं तत्त्व! क्लासच्या भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलंय.

तेवढ्यात तिच्या आईचा फोन. आवाज मलाही ऐकू येत होता. "अगो, महादेवची हळद हाय म्हनं! मी मळलेलं पीठ झाकून ठेवलं. पन सखूवैनी तर जित्ती हाय ना?"

"महादेव नावाचं खरंच कुणी आहे?" मी पुटपुटले.

"आमच्या शेजारी. साठ वर्षांचे. सखूबाईंचे यजमान."

घाबरलेल्या माणसाने प्रोग्रामला हात लावू नये, हे दुसरं तत्त्व. रंजिता आईला समजावत होती, तोवर मी त्याच यादीला दुसरा एसएमएस धाडला: 'हळद रद्द. क्षमस्व.'

दहा मिनिटांत दारात रिक्षा थांबली. सखूबाई उतरल्या, पदर खोचूनच. "कोन हाय ती कोमल? म्होरं काढा तिला!"

आणि नेमका त्यांचा मोबाईल वाजला. माझा दुसरा एसएमएस आत्ता पोचत होता! त्यांनी तो दोनदा वाचला.

"रद्द? आमच्या मानसाला नाय म्हनली? काय कमी हाय गो त्याच्यात?"

मागून महादेवकाका आले. ताजी दाढी, इस्त्रीचा शर्ट. "मना कोनी विचारलाच नाय," ते म्हणाले. "पन आलो असतो."

"तुमी गप ऱ्हावा!"

या आवाजाने काशिरामशेठ धावत आले. "ह्यो उद्योग कोनाचा?"

रंजिताने मान खाली घातली. "शेठ, मी..."

पोरगी माझ्यासाठी नोकरीवर पाणी सोडायला निघाली होती! मी उभी राहिले. "तिचा नाही, माझा! तिने हात लावू नका म्हटलं होतं. प्रोग्राम बरोबर आहे, शेठ. मी चुकले."

शेठनी मिशीवरून बोट फिरवलं.

"मंजे गेले सगल्यांना?"

"तीनशे बारा घरांना," रंजिता म्हणाली. "एकही चुकलं नाही."

"तरीच! तळोज्याहून माझ्या मेवन्याचा फोन होता. टेम्पो भरून निघालेत म्हनं." शेठ हसले. "उद्यापासून ये गो पोरी!"

"आनि येनाऱ्यांचं काय?" सखूबाई कडाडल्या. "चुली बंद हायेत त्यांच्या! भात टाका!" त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. महादेवकाका इस्त्रीच्या शर्टात कांदे सोलत बसले. मी त्यांच्या शेजारी.

रंजिता अजून तिथेच आहे, आता हाताखाली दोघी आहेत. मी अधूनमधून जाते, चार तत्त्वं सांगून येते. तिने मला माझा वेगळा पासवर्डसुद्धा दिलाय! सगळं बघता येतं. फक्त 'पाठवा' हे बटण करड्या रंगाचं दिसतं, दाबलं तरी दबत नाही. मी तिला दोनदा सांगितलं, तुझ्या प्रोग्राममध्ये दोष आहे.

"नाही, ताई," ती म्हणते. "बाकी सगळ्यांना ते हिरवंच दिसतं."