अकरा जणांची नाडी

अंगावर घालायच्या आणि अंगात बसवायच्या सेन्सरांवरची एकदिवसीय कार्यशाळा सकाळी ठीक दहाला, म्हणजे पावणेबाराला सुरू झाली. महाविद्यालयातून बारा प्राध्यापक आले होते. त्यांपैकी अकरा जणांना सगळं आधीच ठाऊक होतं. बाराव्याला प्रमाणपत्र हवं होतं. नऊ वर्षं तो हंगामी होता, इतका की सहकारी त्याला ‘हंगामी’ याच नावाने हाक मारत. एवढा एक कागद जोडला की सोमवारी त्याची फाइल नोकरीत कायम करणाऱ्या समितीपुढे जाणार होती. निघताना बायकोने बजावलं होतं, “कागद हातात घेतल्याशिवाय परत येऊ नका.”

दारातच प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा चढवण्यात आला. सह्या बंद. पट्टा नाडी आणि घाम मोजणार आणि त्यावरून कोण हजर, कोणाचं किती लक्ष, हे पडद्यावर दाखवणार. सह्यांच्या काळात हंगामी अकरा वळणांच्या अकरा सह्या बिनचूक ठोकायचा. विज्ञानाने त्याची ही कला मातीमोल केली.

“त्यात काय एवढं,” म्हणत विभागप्रमुखांनी स्वतःचा पट्टा काढून त्याच्या मनगटावर बांधला. “आम्ही जरा पाय मोकळे करून येतो. तू बसणारच आहेस ना?”

विभागप्रमुख सोमवारच्या समितीत होते.

“बसतोच की, सर.”

मागोमाग आणखी दहा पट्टे आले. दोन्ही हात कोपरापर्यंत भरले. ज्येष्ठांचा मान राखायचा म्हणून हंगामीने स्वतःचा पट्टा सोडून घोट्यावर, मोज्यावरून बांधला आणि शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या.

व्याख्यात्यांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं नाही. ते पडद्याकडे पाहत होते. पडद्यावर अकरा हिरवे ठिपके लुकलुकत होते. बारावा लाल झाला: ‘नाडी आढळत नाही.’

हंगामीने वाकून मोजा खाली सारला, पण उशीर झाला होता. दहा मिनिटं नाडी लागली नाही की पट्टा दिवसभरासाठी बंद पडे. ही त्यातली ताजी सुधारणा होती. त्याला दरदरून घाम फुटला आणि पडद्यावरच्या अकरा रेषा एकदम उसळल्या.

“पाहा!” व्याख्यात्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. “घर्मग्रंथींवरच्या व्याख्यानाने अकरा हृदयं एका ठोक्याने धडधडताना मी प्रथमच पाहतोय!”

समारोपानंतर हंगामी संयोजकांच्या टेबलाशी गेला.

“माझं प्रमाणपत्र?”

संयोजकांनी यादीवरून बोट फिरवलं. “तुम्ही आला नव्हता.”

“अहो, सकाळपासून तुमच्यासमोर बसलोय! खुर्च्यासुद्धा मीच लावल्या!”

“दिसलात ना. पण दिसण्यावर आता हजेरी देता येत नाही. नाडी हवी.”

“मग धरा मनगट, बघा!”

“हाताने मोजलेली नाडी ग्राह्य नाही.”

हंगामीने बाही वर करायला हात घातला. बाही वर गेली की तो हजर ठरणार होता आणि बाकीचे अकरा गैरहजर. तेवढ्यात विभागप्रमुख खरेदीच्या पिशव्या सावरत आत आले. बाही होती तिथेच राहिली.

विभागप्रमुखांनी ‘उत्कृष्ट एकाग्रता’ असं लिहिलेलं प्रमाणपत्र घेतलं आणि हंगामीची हकीकत ऐकून ते मनापासून हळहळले.

“अरेरे! पण नियम म्हणजे नियम. तुझी फाइल आता पुढच्या वर्षी बघू. पुढच्या महिन्यात दुसरी कार्यशाळा आहे, तिला ये. तिथे सेन्सर कातडीखालीच बसवणार आहेत. लबाडीला जागाच नको.” मग त्यांनी हंगामीचा दंड प्रेमाने दाबून पाहिला. “भरपूर जागा आहे रे इथे. हात मोकळे ठेव.”

फोन वाजला. बायको विचारत होती, “मिळाला का कागद?”

“मिळाला,” हंगामी म्हणाला. “अकरा जणांना.”

ही कथा बारा वाचकांनी शेवटपर्यंत वाचल्याची नोंद झाली आहे. प्रत्यक्षात वाचणारे तुम्ही एकटेच असाल, तर यादीत स्वतःचं नाव शोधू नका.