तुमच्याकडे गुडघाभर

शांतारामकाका कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी भिंतीकडे बघतात. मान जराशी तिरकी करतात, डोळे बारीक करतात आणि त्या घरात समुद्राचं पाणी कुठवर चढेल ते सांगून टाकतात. चहापाणी त्यानंतर.

आमच्या खाडीकडच्या वाडीत मी आणि माझा नवरा प्रकाश, आम्ही पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. वास्तुशांतीला काका नारळ घेऊन आले. नवी लादी, नवा रंग, खिडकीला मी स्वतः शिवलेले पडदे. सगळं निरखून झाल्यावर म्हणाले, "बऱ्यो झाल्यो हत खोल्यो. गुडघाभर."

"काय गुडघाभर?"

"पाणी," काका म्हणाले आणि प्रसादासाठी हात पुढे केला.

शेजारच्या बाबल्याच्या मुलीच्या लग्नात तर त्यांनी कहरच केला. अंगणात मंडप, अंतरपाट धरलेला, आणि काका मागच्या रांगेतून हलक्या आवाजात म्हणतात, "नवऱ्याक कंबरेपर्यंत. नवरी ठेंगणी, तिका पोटापर्यंत." हलका आवाज म्हणजे काकांचा हलका. अख्ख्या मंडपाला ऐकू गेला. बाबल्याने रागाने त्यांना जेवायला पार शेवटच्या पंगतीत, माडाखाली बसवलं. काकांनी तिथली जमीन निरखली आणि खूश होऊन म्हणाले, "हय घोटाभरच. बरी जागा दिलंस रे बाबल्या."

या वेडाचं मूळ एका नकाशात आहे. दोनेक वर्षांपूर्वी तालुक्याच्या कार्यालयातून एक तरुण मॅडम ग्रामपंचायतीत आल्या होत्या. वादळ ऐन भरतीच्या वेळी किनाऱ्याजवळ आलं, तर वाऱ्याच्या रेट्याने समुद्र फुगतो. ते फुगलेलं पाणी गावात कुठवर घुसेल, हे जमिनीची उंची मोजून संगणकावर काढलेलं होतं. मॅडमनी तो नकाशा भिंतीवरच्या पडद्यावर दाखवला. फिकट निळं म्हणजे घोटाभर, त्याहून निळं म्हणजे कंबरभर, आणि काळपट निळं म्हणजे बोलायलाच नको. आम्ही सगळ्यांनी आपापलं घर शोधलं, "अरे बापरे" म्हटलं, बटाटेवडा खाल्ला आणि घरी आलो.

काका आले नाहीत. ते पडद्यासमोर खुर्ची ओढून बसले ते बसलेच. शेवटी मॅडमनी त्यांना नकाशाची छापील प्रत दिली आणि वादळाचा अंदाज फोनवर कुठे बघायचा तेही दाखवलं. काकांनी नकाशाला प्लास्टिकचं आवरण घातलं आणि घरात, जिथे लोक देवाचं कॅलेंडर लावतात, तिथे तो टांगला.

काका म्हणजे आमच्याकडचे जुने कंट्रोलर. आयुष्यभर मालवणच्या बसस्थानकावर माईकसमोर बसले. घरात शुद्ध मालवणी बोलणारा हा माणूस माईक दिसला की पुस्तकातलं मराठी बोलायचा. "कणकवलीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे. प्रवाशांनी नोंद घ्यावी." त्या आवाजावर अख्खं स्थानक पिशव्या उचलून उभं राहायचं. निवृत्त झाल्यावर आवाज तसाच राहिला, पण जाहीर करायला काही उरलं नाही. त्यातच काकी गेल्या. मूलबाळ नव्हतं. वाडीच्या मागे जो उंचवटा आहे, त्याला आम्ही टेंब म्हणतो. त्या टेंबावरच्या मोठ्या घरात काका एकटे.

मग हा नकाशा आला आणि काकांना पुन्हा काहीतरी येणारं सापडलं. मासळीबाजारात उभे राहून ते भरती जाहीर करू लागले. "उद्याची भरती दुपारची आहे. प्रवाशांनी नोंद घ्यावी." कोळणी हसायच्या. एक म्हणाली, "कंट्रोलर, तुमचो समुद्र तरी वेळेर येता मा?" काका गंभीरपणे म्हणाले, "त्याका घाट लागणा नाय."

हळूहळू त्यांनी वाडीतल्या घरांची नावंच बदलली. बाबल्या झाला कंबरेकडचो. सुतारांचं घर घोट्याकडचं. मी गुडघ्याकडची सून. नकाशावर एकच घर पांढरंशुभ्र होतं, ते काकांचं. त्यावरून लोक बोलायचेच. "आपण वर बसता आणि दुसऱ्यांका बुडवता," बाबल्या म्हणायचा. काका त्यावर एवढंच म्हणत, "मगे वर येवा. दार काय बंद आसा?" पण कामाशिवाय टेंब कोण चढतो?

माझं आणि त्यांचं खरं भांडण झालं ते कोल्हापूरच्या एका कुटुंबावरून. खोलीतून समुद्र दिसतो का, असं त्या गृहस्थांनी विचारलं. मी उत्तर देणार तोच कुंपणापलीकडून काका म्हणाले, "खिडकीतून दिसता. वेळ इली तर दारातून येतलो." त्या बाईंनी पोरांना आणि बॅगांना पुन्हा गाडीत घातलं. मी काकांना हात जोडून सांगितलं, माझ्या पाहुण्यांशी एक अक्षर बोलायचं नाही. त्यांनी ते पाळलं. पुढच्या पाहुण्यांना त्यांनी नुसता आपला गुडघा दाखवला.

आणि या मे महिन्यात खरंच वादळ आलं.

म्हणजे आमच्याकडे येणार नव्हतं. बातम्यांत सांगत होते की ते खोल समुद्रातून वर सरकणार. वाडी निवांत झाली. बाबल्या जाळं दुरुस्त करत बसला. काका मात्र सकाळपासून घरोघरी फिरत होते. हातात नकाशा, खिशात फोन.

"वादळ लांबसून जाता हा, खरा," ते सांगत होते. "पण वारो पाणी हय ढकलतलो. दुपारी भरती. समुद्राकडे वाळूची भिंत आसा, सुरूची झाडा आसत. खाडीकडे काय आसा? पाणी मागच्या दारान येतला."

"मागल्या दारान कोण येता माहीत आसा?" बाबल्या म्हणाला. "मांजर."

थोड्या वेळाने तालुक्याहूनही निरोप आला की खाडीकाठच्या लोकांनी दुपारपर्यंत उंचावर जावं. मग मात्र धावपळ झाली. प्रकाशने होडी आत खारफुटीत नेऊन बांधली. मी गाद्या माळ्यावर चढवल्या. बाबल्याने पाच मिनिटं तोंड पाडलं आणि शेळ्या सोडल्या. काका कुठूनसा टेम्पो घेऊन आले. सगळे निघाले, एक माझ्या सासूबाई सोडून.

त्या ओटीवर मांडी घालून बसल्या. "माझ्या उभ्या जन्मात खाडी तुळशीक शिवली नाय. मी खंय येवचंय नाय."

प्रकाशने विनवलं, मी रडकुंडीला आले. वारा वाढत होता, माडांच्या झावळ्या एका बाजूला उलटल्या होत्या, आणि मागे खाडी आताच काठोकाठ दिसत होती. काकांनी नकाशा काढला नाही. ते अंगणाच्या मधोमध गेले, घसा साफ केला आणि त्यांच्या त्या जुन्या आवाजात गरजले,

"मालवणहून वेंगुर्ला, शिरोडामार्गे आरोंद्याकडे जाणारी गाडी सुटण्याच्या तयारीत आहे. प्रवाशांनी त्वरित आपापल्या जागा घ्याव्यात!"

आरोंदा म्हणजे सासूबाईंचं माहेर. लग्न झाल्यापासून त्या याच आवाजावर माहेरच्या गाडीत चढत आल्या होत्या. माझ्या डोळ्यांदेखत त्या उठल्या, पिशवी काखेत मारली, पदर सावरला आणि थेट टेम्पोत जाऊन बसल्या. टेम्पो सुरू झाल्यावर त्यांना भान आलं.

"शिरा पडो तुझ्या तोंडार, शांताराम! माका फसवलंस!"

"वैनी, गाडी टेंबामार्गे जातली," काका म्हणाले.

टेंबावर पोचलो आणि मी दारातच थांबले. पडवीभर धुतलेल्या चटया अंथरलेल्या. पाण्याने भरलेली पिंपं. गोठ्यात बाबल्याच्या शेळ्यांसाठी पाला. चुलीवर भलं मोठं पेजेचं भांडं रटरटत होतं. शेजारी कुळथाची पिठी, आणि परातीत भाजलेले सुके बांगडे. एका माणसाच्या घरात एवढी ताटं कुठून आली, हे मी विचारलं नाही.

दुपारी पाणी आलं. मला वाटलं होतं लाट येईल, आवाज होईल. तसं काही झालं नाही. खाडी नुसती फुगत गेली. बांध दिसेनासा झाला, मग मळे, मग आमच्या कुंपणाचे अर्धे खांब. गढूळ पाणी चोरासारखं मागच्या बाजूने वाडीत शिरलं आणि अंगणातून पुढे सरकलं. सासूबाई माझा हात घट्ट धरून बघत होत्या. पाणी त्यांच्या तुळशीपर्यंत गेलं आणि वृंदावनाला वळसा घालून पुढे निघालं. काका पडवीच्या कडेला उभे होते, ओठ हलत होते. जाहीर काही करत नव्हते, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

आणि मग ते थांबलं. थोडा वेळ तिथेच रेंगाळलं आणि सावकाश उतरायला लागलं. संध्याकाळी उजेड असेतो प्रकाश आणि बाबल्या खाली जाऊन बघून आले. चिखलाने माखलेले, दात काढत.

"घोटाभर!" प्रकाश लांबूनच ओरडला. "खोल्यांत घोटाभरच इला! होडी पण शाबूत आसा!"

"माझ्याकडे गुडघ्याच्या वर नाय," बाबल्या म्हणाला. "कंट्रोलर, तुम्ही कंबर सांगलेलात. चुकलात!"

मला वाटलं काका खट्टू होतील. दोन वर्षं मिरवलेलं भाकीत! पण ते पडवीच्या पायरीवर मटकन बसले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "चुकलंय," ते म्हणाले. "बरा झाला. चुकलंय." मग हसायला लागले, आणि त्यांचं बघून सगळी पडवी हसायला लागली. सासूबाईंनी हसता हसता तुळशीकडे बघून हात जोडले. त्या संध्याकाळी पेज जेवढी गोड लागली तेवढी मला कधी लागली नाही. बाबल्याने गाणी म्हटली. मुलीच्या लग्नातली कंबरेची गजाल काकांना पुन्हा सांगायला लावली आणि सगळ्यात मोठ्याने तोच हसला.

सकाळी ऊन पडलं. वारा मेला होता, सुरूचं पानसुद्धा हलत नव्हतं. आम्ही चटया गुंडाळायला लागलो. घरी चिखल काढायचा होता, गाद्यांना ऊन दाखवायचं होतं.

काका स्वयंपाकघराच्या दारात आले. "घाई कित्याक करतास? दुपारची भरती अजून आसा. परत चढतला पाणी."

तेवढ्यात माझा फोन वाजला. तालुक्याहून निरोप होता: धोका टळला आहे, घरी परतण्यास हरकत नाही. त्याच क्षणी काकांच्या खिशातही टुणकन वाजलं. त्यांनी फोन काढला, वाचला आणि परत खिशात ठेवला.

"काय म्हणतत?" प्रकाशने विचारलं.

"काय नाय," काका म्हणाले. आमच्याकडे न बघता ते आत गेले. "जेवान जावा. मी भात टाकतंय."

मी आत डोकावले. त्यांनी डबा उघडला होता आणि तांदूळ मापाने नाही, ओंजळीने घालत होते. एक ओंजळ, मग थांबून आणखी एक.

पडवीतून खाली सगळं लख्ख दिसत होतं. खाडी ओहोटीने पार मागे गेली होती आणि चिखलात बगळे निवांत चरत होते. समुद्र तर इतका शांत होता की होड्या कागदाच्या वाटत होत्या. प्रकाशने ते बघितलं. बाबल्याने बघितलं. मी माझा फोन पालथा घातला. बाबल्याने गुंडाळलेली चटई हळूच पुन्हा पसरली आणि तिच्यावर आडवा झाला.

सासूबाईंनी बराच वेळ खाली बघितलं, मग आत. मग पदर कमरेला खोचला आणि स्वयंपाकघराकडे चालायला लागल्या.

"शांताराम," त्यांनी हाक मारली, "नारळ खंय ठेवलंस रे? नुसत्या भाताक कोण जेवता?"